मेपलचा गणपती

अमेरिकेतल्या रेडमंडच्या आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच शिरत नाही, तिथे माझी लाकडं राहतात. गाडी पावसात भिजते आणि नवरा रोज सकाळी काच पुसता पुसता माझ्या नावाने खडे फोडतो. फोडेना का! कठीण लाकडाचे तुकडे मशीनच्या करवतीवर कापायचे, कडा घासायच्या, एकमेकांत घट्ट बसवून चित्र जुळवायचं, हे माझं वेड. रंग अजिबात लावायचा नाही. काळपट हवं तर अक्रोड, तांबूस हवं तर चेरी, गोरंपान हवं तर मेपल.

त्या हिवाळ्यात सासूबाई सांगलीला परत निघाल्या होत्या. सासरे गेल्यावर आम्हीच त्यांना हट्टाने इथे आणलं होतं. पण "इथे माझ्यावाचून कुणाचं काय अडतंय?" हे त्यांचं पालुपद. तिकीटही काढून झालं. तिकडे त्या एकट्या राहणार, या विचाराने माझा जीव खालीवर व्हायचा. त्यांना थांबवायचं कसं? मला येतं ते एकच. त्यांच्या खोलीसाठी मेपलचा गणपती करायला घेतला.

अगदी मन लावून केला हो! सगळ्यात शेवटी सोंड जागेवर ठेवली आणि कपाळावर हात मारला. नमुना लाकडावर उतरवताना ट्रेसिंग पेपर पालथा पडला होता. सोंड उजवीकडे! उलटी करून बसवून पाहिली, तर ही मोठी फट.

उजव्या सोंडेचा म्हणजे कडक. रोज सोवळं, वेळेवर नैवेद्य, खाडा चालत नाही. आम्ही दोघं तर टोस्ट तोंडात धरून मीटिंगला बसणारी माणसं.

"भिंतीवरचं चित्र आहे, यार. सोंड कोण बघतंय?" नवरा म्हणाला.

"तुझी आई बघेल!" मी खेकसले.

त्यांनी बघितलीच. चष्मा लावून सोंडेवरून बोट फिरवलं. मी रडकुंडीला आले. "आई, चुकलं. दुसरा करते."

"गप गं! गणपती काय टाकून देतात?" मग चष्मा काढून म्हणाल्या, "याचं सगळं वेळच्या वेळी करावं लागतं. तुम्हाला जमणार आहे का?"

"छे! मुळीच नाही," मी म्हणाले. स्वतःचा नालायकपणा इतक्या आनंदाने कुठल्या सुनेने कबूल केला नसेल.

त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "ते तिकीट कॅन्सल कर रे. मला इथे काम आहे."