आप्पासाहेबांचं भाषण चालू असताना

या सदरात लिहिणाऱ्या कुणाचाच पूर्वी अशा गोष्टींवर विश्वास नसतो, हे मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. माझा तर अजूनही नाही. तरी लिहितोय, कारण घडलं ते एकट्याने सांभाळायचा कंटाळा आलाय.

मी सांगलीत इंग्रजी शिकवतो. गेल्या उन्हाळ्यात माधवनगरच्या एका यंत्रमाग कारखान्यात हान्ना नावाची मुलगी इंटर्नशिपला आली होती. फिनलंडच्या विद्यापीठात कापड विणायचं शिक्षण घेणारी. कारखान्याचे मालक आप्पासाहेब माझे लांबचे मेहुणे, त्यामुळे दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. हान्नाला माग शिकायचा होता. आप्पासाहेबांना पाहुणी परदेशी आहे एवढंच पुरेसं होतं. बॅनर लागलं, मंडप उभा राहिला आणि एका दुपारी तिचा सत्कार ठरला. तिच्या डोक्याला फेटा बांधला.

"आपल्या मातीतली लेक वाटतीया बघा," आप्पासाहेब म्हणाले. ती घामाने निथळत हसली.

प्रमुख पाहुणे कराडहून निघाले होते... आणि बराच वेळ नुसते निघतच होते. तेवढ्यात हान्ना म्हणाली, मी विणलेला पहिला तुकडा मागच्या गोदामात आहे, तो पाहुण्यांना देऊ या. माझा मोबाईल रेकॉर्डिंगसाठी मंचावर लावलेला, तिची पिशवी खुर्चीवर. हातात फक्त तिची पाण्याची बाटली. आम्ही तसेच गेलो.

गोदाम जुन्या गिरणीच्या काळातलं. जाड दगडी भिंती, एकच लोखंडी दार, हात न पोचणारा झरोका. अर्धं गोदाम कापसाच्या कचऱ्याने भरलेलं. आम्ही आत शिरलो, वाऱ्याने दार आपटलं आणि बाहेरची कडी पडली.

आधी हसलो. मग हान्नाने खिसे चाचपले आणि तिचा चेहरा उतरला. तिला दमा होता. पंप पिशवीत होता. आणि दार आपटल्यामुळे कापसाची बारीक धूळ सगळीकडे उठली होती.

मी दार बडवलं. नेमके तेव्हाच बाहेर लाऊडस्पीकर सुरू झाले — पाहुण्यांची वाट न बघता आप्पासाहेबांनी सुरुवात केली होती. "सातासमुद्रापलीकडून आलेली आपली हान्नाताई आज आपल्यामध्ये उपस्थित आहे..." टाळ्या. उपस्थित हान्नाताईंच्या छातीतून शिट्टी वाजत होती. मंचावरची रिकामी खुर्ची कुणाला दिसली नाही, की दिसूनही भाषणात व्यत्यय नको म्हणून सगळे गप्प बसले, देव जाणे.

तेव्हा मागच्या भिंतीतून आवाज आला.

"कोण हाय रं आत?" म्हाताऱ्या माणसाचा. सावकाश.

"आवं, दार उघडा. पोरीला दम लागलाय."

"तिला दाराच्या फटीपाशी बसवा. भुईजवळ वारं येतंय. तोंडाला वलं फडकं लावा."

मी तिचा फेटा सोडला, बाटलीतलं पाणी ओतलं आणि तिच्या नाकातोंडावर धरला. त्या फेट्याचा दिवसभरातला हा एकमेव उपयोग.

"कुठली पोर म्हणायची?"

"फिनलंडची."

"म्हंजी बेळगावच्या पल्याड?"

"बरंच पल्याड."

"लय लांब आलीया की. हळू घे म्हणावं श्वास." मग थोडं थांबून, "बरं... येतो मग."

माझा जीव भांड्यात पडला. तो येतोय, मी हान्नाला इंग्रजीत सांगितलं. तिने नुसती मान हलवली.

बाहेर आप्पासाहेब कारखान्याच्या उभारणीवरून स्वतःच्या बालपणापर्यंत मागे गेले. दारापाशी कुणी आलं नाही. हान्नाचे ओठ निळसर पडत चालले, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे जाणारा माणूस 'जातो' म्हणतो का कधी? म्हातारा निरोप घेऊन गेला होता, आणि मी, भाषेचा मास्तर, दाराकडे डोळे लावून बसलो होतो. मी भिंतीला हाका मारल्या, शिव्याही दिल्या. काही नाही.

वीज गेली म्हणून वाचलो. माईक वाक्याच्या मध्येच बंद पडला आणि माझ्या लाथा बाहेर ऐकू गेल्या. वॉचमनने कडी काढली, पंप आणला. हान्नाने श्वास घेतला.

ती सावरल्यावर मी म्हाताऱ्याला जाब विचारायला गोदामामागे गेलो. तिथे कारखान्याची पाण्याची टाकी आहे, गोदामाच्या भिंतीला भिंत लावून बांधलेली, काठोकाठ भरलेली. उभं राहायला वीतभरही जागा नाही.

"तिथं बोलायला मासाच पायजे, सर," वॉचमन म्हणाला.

इथवर माझा काही आक्षेप नव्हता. दगडातून, पाण्यातून आवाज कुठूनही कुठे जातो. दवाखान्यात जाताना गाडीत मी हान्नाची माफी मागितली. तो येतोय असं तुला सांगितलं, पण तो खरं तर निघाला होता; आमच्या भाषेची गंमत आहे.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्याने निरोपच घेतला. तुम्ही इतके खूश झालात, म्हणून मी बोलले नाही."

"तुला मराठी कधीपासून कळायला लागली?"

"मराठी? तो पहिल्यापासून आमच्याच भाषेत बोलत होता. माझ्या आजोबांच्या गावाकडचं बोलणं. तुम्ही त्याला उत्तरं कशी देत होता, तेच मला कळत नव्हतं."

हान्नाने इंटर्नशिप पूर्ण केली, गोदामात मात्र पुन्हा पाऊल ठेवलं नाही. मीही नाही. दगडातून आवाज कसा आला, ते एखादा इंजिनिअर समजावून देईल. बाकीचं कुणाला विचारावं, हेच मला अजून कळलेलं नाही.