जनरलला वन्समोअर

वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत, हर्नडनच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी एक स्पॅनिश जनरल उभा केला होता, आणि काय केला होता म्हणून सांगू! दह्याच्या डब्यांच्या झाकणांना सोनेरी कागद चिकटवून बनवलेली सतरा पदकं छातीवर. पण तो दिवस आठवला की आजही माझं डोकं फिरतं. मंडळावर फिरतं, आणि त्याहून जास्त स्वतःवर.

एकांकिका मीच लिहिली होती, शेजारच्या आजोबांमुळे. ते मूळचे स्पेनचे, पंचाहत्तरीचे. संध्याकाळी कुंपणाला टेकून त्यांच्या गावावर चालून आलेल्या एका जनरलबद्दल सांगायचे. या जनरलनं तरुणपणी मोरोक्कोत गावंच्या गावं जाळली आणि त्या राखेवर बढत्या मिळवल्या. पुढे स्पेनमध्येच यादवी पेटली, तेव्हा तिकडे शिकलेलं काम त्यानं आपल्याच लोकांवर केलं. आजोबांचे वडील शाळामास्तर. त्या जनरलच्या सैनिकांनी त्यांना शिकवता शिकवता वर्गातून ओढून नेलं आणि शाळेच्या भिंतीशी गोळ्या घातल्या. आजोबा तेव्हा सात वर्षांचे, त्याच वर्गात बसलेले.

"हे मी स्टेजवर करतो," मी म्हणालो. "तुम्ही पाहायला यायचं."

ते म्हणाले, "येईन. तो प्रसंग मी आजवर कुणाला दाखवू शकलो नाही."

प्रयोगाच्या दिवशी मेकअप चालू असताना मंडळाचे अध्यक्ष आत आले. माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान, पण मला मुद्दाम काका म्हणायचे.

"काका, आरती लांबली. सहाला हॉल सोडायचाय. शेवटचा सीन कट करू या."

"अहो, शेवटचा सीन म्हणजेच तर नाटक आहे!"

"सणाचा दिवस आहे यार. गोळ्याबिळ्या कशाला? तुमचं भाषण दणदणीत आहे, तिथेच पडदा पाडू."

मास्तरांचं काम करणारे नागपूरकर हातात खडू धरून माझ्याकडे बघत होते. मी त्याच क्षणी तलवार टाकून निघून जायला हवं होतं. नाही गेलो. बाहेर तीनशे माणसं बसली होती आणि माझ्या तोंडाला रंग लागला होता. नटाची जात!

आमच्या मंडळात कमरेला तलवार लावून कोणीही स्टेजवर आला की साउंडवाला तुतारी लावतो. दरवर्षी एक तरी ऐतिहासिक प्रवेश असतोच, त्याची सवय. माझ्या एंट्रीलाही त्यानं तुतारी लावली. झालं! हॉलमध्ये शिट्ट्या, पोरं खुर्च्यांवर उभी. "या गावात एकही घर उभं राहणार नाही!" हे वाक्य मी लोकांच्या अंगावर काटा यावा म्हणून लिहिलं होतं. त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कोणीतरी ओरडलं, "वन्समोअर!"

आणि मी दिला. तलवार उपसून, पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीत. खोटं कशाला बोलू, मजा आली. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत आजोबा दिसले. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण जनरल कोणता आणि जल्लोष कोणासाठी, हे सगळं कळत होतं. पडदा पडला. शाळा आलीच नाही.

मी अध्यक्षांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. "एका माणसाच्या बापाचा खून तुम्ही हॉलच्या वेळेसाठी कापलात!"

"काका, चिडू नका. पब्लिकला आवडलं ना? आणि वन्समोअर काय मी दिला?"

मी त्यांना दोन शब्द ऐकवले, ते इथे छापता येणार नाहीत. आणि तसाच, जनरलच्याच वेशात, बाहेर पडलो.

आजोबा पार्किंगमध्ये माझ्या गाडीपाशी उभे होते. मी आरती, वेळ, तुतारी, सगळं भडाभडा सांगू लागलो. त्यांनी हात वर केला.

"आधी तो कोट काढा. याच्या शेजारी बसून मी घरी जाणार नाही."

मंडळातल्या काकू प्रसादाचे डबे घेऊन समोरून जात असताना मी बनियनवर आलो. मग मिशी ओढू लागलो. डिंक पक्का बसला होता, ओठ सोलवटला. ते शांतपणे बघत राहिले, आणि शेवटचा केस निघेपर्यंत त्यांनी गाडीच्या दाराला हात लावला नाही.