पास झालेली मोटार

सोनईहून नगरला जाणाऱ्या मोटारी दोनच. एक आमची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, आणि दुसरी उस्तादाची. उस्ताद खरं तर कुठल्याही ड्रायव्हरला म्हणतात. पण दादाला गावात कोणी कधी उस्ताद म्हटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या मोटारीचं पासिंग झालेलं होतं. मोटार इन्स्पेक्टर नगरला यायचा असला की दादा आधीच ब्रेक, दिवे, टायर बघून ठेवी. लढाई संपल्यावर विम्याची सक्ती आली, तेव्हा विमाही आम्ही लगेच उतरवला. उस्तादाचं पासिंग कधीच संपलेलं, आणि विम्याचं त्याने नुसतं ऐकून सोडून दिलेलं. त्याचे ब्रेक असे की इमामपूरच्या घाटात मोटार दम खायला थांबली की मागे सरू लागे. मग उतारू भराभर खाली उतरत, चाकांमागे दगडांची उटी लावत आणि घाट संपेपर्यंत मोटारीमागून चालत. हसत, एकमेकांची चेष्टा करत चालत. आमचे उतारू मात्र घाटात आरामात बसून राहत. फक्त ते मोजकेच असत.

ही मोटार घ्यायला दादाने बैलजोडी विकली होती. दिवाळीपर्यंत ती भरू लागली नाही तर तीही विकायची आणि दादाने पुन्हा लोकांच्या मळ्यात राबायला जायचं, असं घरात ठरून गेलं होतं. आणि रोज सकाळी स्टँडवर मी बघत होतो, की माणसं आमच्या रिकाम्या मोटारीपुढून जात आणि उस्तादाच्या फुटबोर्डावर लोंबकळत.

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. बेचाळीसच्या धामधुमीत मी शाळा सोडून पत्रकं वाटली, पारावर उभं राहून मोठ्याने वाचली. अन्याय दिसला की बोलायचं, हे त्या कागदांनी मला शिकवलं. म्हणून एकदा भर स्टँडवर उस्तादाला गाठून विचारलं, बिनपासाची, बिनविम्याची मोटार तू कोणत्या हक्काने चालवतोस?

तो बॉनेटवर बसून विडी ओढत होता. म्हणाला, "पुढारी, तूच वाचून दावलंस ना, परक्या सरकारचा कायदा मानू नका? आमी मानत न्हाई. मानताय तुमीच."

सगळा स्टँड हसला. ब्रेकला स्वदेशी-परदेशी नसतं, असं मी बजावलं. पण तोवर लोक त्याच्या मोटारीत चढायला लागले होते.

मग मी आपली बाजू मांडायचा मार्ग काढला. विम्याच्या कागदाला काचेची चौकट करून ती ड्रायव्हरच्या डोक्यावर टांगली. पहिल्याच दिवशी एका म्हातारीने तिला हात जोडले आणि हा कुठला देव म्हणून विचारलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावून सांगितलं, की देव नाही, विमा आहे. वाटेत मोटार उलटून तुम्ही दगावलात तर मागे राहिलेल्यांना भरपाई मिळेल.  म्हातारी गाठोडं उचलून उतरली. तिच्यामागे तिची सून उतरली, सुनेमागे दोन शेतकरी. "निघायच्या आदीच मरनाचं काढतंय," असं म्हणत चौघंही उस्तादाकडे गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की पुढाऱ्याच्या मोटारीत मरणाची सोय केलेली आहे.

दसऱ्याच्या सुमाराला नगरच्या नाक्यावर नवा फौजदार आला. पासिंगशिवाय मोटार आत सोडणार नाही म्हणाला. तेव्हा उस्ताद आमच्या दारी आला आणि दादाकडे पुढचे दोन टायर आणि भोंगा एका दिवसासाठी मागितला. पासिंगच्या दिवशी मोटारवाले एकमेकांना असं देत-घेत. पण तो नेमका बाजाराचा दिवस होता, आणि आमची मोटार विटांवर उभी राहणार होती. मी विरोध केला. दादा एवढंच म्हणाला, "रस्त्यावर एकमेकाला न्हाई म्हनायचं नसतं." वर टायर सांभाळायला मलाच त्याच्याबरोबर धाडलं.

त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसून गेलो. घोडेगावला त्याने एकाच्या हातात औषधाची पुडी दिली, पुढे एका झाडाखाली कुणाच्या तरी सासऱ्यासाठी थांबला. आमचाच भोंगा तो. आमच्या मोटारीवर वाजला की लोक रस्त्यातून बाजूला होत. इथे वाजला तेव्हा शेतातल्या बाया वर बघून हात हलवू लागल्या. घाटात मीही उतरलो, उटीचा दगड उचलला. चालताना एका बाईने काही न विचारता तिचं गाठोडं माझ्याकडे धरायला दिलं. आमच्या मोटारीत मला कोणी कधी काही धरायला दिलं नव्हतं. ते गाठोडं घेऊन मी घाट चढलो आणि सारा वेळ आतून जळत होतो.

नगरला इन्स्पेक्टरने मोटारीला फेरी मारली. पुढचे टायर चांगले, मागचे गुळगुळीत. त्याने विचारलं, हे कुणाचे?  उस्तादाने माझ्याकडे बघितलं.

"आमचे," मी म्हणालो. "भोंगाही आमचा. आणि ब्रेक बघा."

आज विचारलं तरी मी हेच सांगेन. त्या ब्रेकवर माणसं चढत होती.

इन्स्पेक्टरने ब्रेक बघितले आणि मोटार तिथेच उभी करून ठेवायला लावली. उस्ताद चिडला नाही. जॅक काढत म्हणाला, "खरं बोललास, पुढारी. आता टायर काढाया हात लाव." आम्ही दोघांनी मिळून टायर आणि भोंगा काढला आणि एका मालमोटारीवर टाकून गावी आलो.

आता रस्ता आमच्या एकट्याचा, असा हिशेब मी वाटेत केला होता. दादाने सगळं ऐकून घेतलं. तू केलंस ते बरोबर, म्हणाला. सकाळी उठून तो उस्तादाच्या घरी गेला आणि आमच्या मोटारीचं स्टिअरिंग त्याच्या हाती देऊन आला. तिकिटांची पिशवी स्वतःच्या गळ्यात अडकवली. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "लोक त्याच्याकडं येत्यात रे. मोटार तर आपलीच हाय."

पहिल्याच दिवशी मोटार टपापर्यंत भरली. ती चौकटीला हात जोडणारी म्हातारीही होती. मोटार आता विकावी लागणार नव्हती, हे स्टँडवरच कळलं. माझं म्हणणंही खरं झालं होतं. गावाची माणसं पासिंगच्या, विम्याच्या मोटारीतून चालली होती.

इमामपूरच्या घाटाखाली उस्तादाने मोटार थांबवली. ब्रेक ठीक होते, इंजिनाला चढ झेपत होता. पण कोणी काही न सांगता लोक उतरले. दादाही उतरला. उटीचा दगड काखेत धरून, कुणाच्या तरी बोलण्यावर मोठ्याने हसत तो मोटारीमागून चालू लागला. दादाला इतकं हसताना मी आधी बघितलं नव्हतं.

मी आतच बसून राहिलो. पास झालेल्या मोटारीतून उतरायचं मला काही कारण नव्हतं. समोर काचेची चौकट हलत होती, आणि मागून सगळ्यांचं हसणं ऐकू येत होतं.