ब्राउन बिनमधली सफरचंदं

कुजलेल्या सफरचंदांचा वास आधी गोड येतो, मग नाकात बसतो आणि जेवतानाही जात नाही. डब्लिनमधल्या आमच्या घराच्या ब्राउन बिनला, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्याला, दर सप्टेंबरात तो वास यायचा आणि मला शिसारी यायची. नाक दाबून मी झाकण आपटायची.

सफरचंदं शेजारच्या आयरिश बाईंची. वय ऐंशीच्या घरात, एकट्या राहतात, परसात एक झाड. दर वर्षी त्या पावाच्या जुन्या पिशव्यांत फळं भरून, लोकरीच्या धाग्यानं तोंड बांधून आमच्या दाराच्या हँडलला अडकवून जायच्या. पहिल्या वर्षी मी वरचं एक चावलं, तर दात आंबले. दुसऱ्यावर चक्क गोगलगाय. बाईंची मातीनं भरलेली नखं आठवली आणि मी दोनदा हात धुतले. कुंपणावरून मी त्यांना "थँक यू, सो लव्हली!" म्हणाले आणि पिशवी बिनमध्ये टाकली. पुढची तीन वर्षं तर मी गाठही सोडली नाही.

चौथ्या वर्षी उन्हाळ्यात त्यांना तपासणीसाठी ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात जायचं होतं आणि टॅक्सी आली नव्हती. मी गाडीतून नेलं. बॉल्सब्रिजच्या ऑफिसला उशीर होणार म्हणून वाटभर फोनवर नवऱ्यापाशी चडफडत होते. मराठीत, म्हणजे त्यांना कळणार नाही अशा बेतानं. त्या शेजारच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सूर कळायला भाषा कशाला लागते?

त्याच वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या दसऱ्याला कुणीतरी टूम काढली. इथे हा सुगीचा काळ, तर प्रत्येकानं आपण कुणाचे ऋणी आहोत ते सांगायचं. शाळेचा भाड्याचा हॉल, पिवळ्या कागदाची कापलेली आपट्याची पानं आणि माईक हातात आला की सुटणारे आम्ही. मी शेजारणीच्या सफरचंदांवर बोलले. परक्या देशात कुणीतरी आपल्या झाडाचं फळ आपल्या दाराशी ठेवून जातं, असं म्हणताना माझा गळासुद्धा दाटून आला. टाळ्या पडल्या. एका काकूंनी डोळे पुसले. तेव्हा त्या वर्षीची पिशवी आमच्या बिनमध्ये पडून चार दिवस झाले होते. आठवलं की आजही स्वतःची किळस येते. खोटं बोलल्याची येते, पण तो गळा खरोखर दाटला होता त्याची जास्त.

दोनच दिवसांनी, कचरा न्यायच्या सकाळी, वारा सुटला आणि रस्त्याकडेला ठेवलेला बिन आडवा झाला. मुलीला शाळेत सोडायला बाहेर पडले तर बाई गुडघ्यावर हात टेकून वाकल्या होत्या आणि आपलीच सफरचंदं उचलत होत्या. पिशवी फुटली होती, लोकरीची गाठ तशीच. आतून एक चिठ्ठी बाहेर आली होती. ती मी उचलली. त्यात लिहिलं होतं की ही फळं कच्ची आंबट लागतात, साखर घालून शिजवा, आणि ब्युमॉन्टला नेलंत त्याबद्दल आभार, तुमचा वेळ मोडला.

मी काय म्हणावं? "मुलीनं चुकून टाकली असतील."

"आय डिडन्ट, आई," मुलगी म्हणाली. तिच्या त्या आयरिश सुरात, मोठ्यानं.

"यू आर ग्रँड, लव्ह," बाई म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत 'असू दे गं'. कुणाला, ते कळलं नाही. त्यांनी फळं परत बिनमध्ये ठेवली, टाकली नाहीत, आणि घरात गेल्या. माफी मागायला मी वर्षभर त्यांच्या दारापर्यंत गेले नाही. रोज उद्या म्हणायचे. त्या भेटल्या की हवापाण्याचं बोलायच्या, नेहमीसारख्याच हसून.

पुढच्या सप्टेंबरात दाराला पिशवी आली नाही. झाड मात्र लगडलेलं होतं.

ऑक्टोबरात साताऱ्याहून सासूबाई आल्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. परसात कपडे वाळत घालताना त्यांनी कुंपणापलीकडे नाक वर केलं, घरात येऊन कापडी पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "चल माझ्यासंगं. तुझं इंग्रजी लागंल."

बाईंनी दार उघडलं. सासूबाईंनी झाडाकडे बोट दाखवून पिशवी पुढे धरली. बाई खुलून हसल्या, दोघी झाडाखाली गेल्या आणि पिशवी गच्च भरली. ती बाईंनी सासूबाईंच्या हातात दिली. मग माझ्याकडे वळल्या.

"त्यांना सांग, ही शिजवून खायची असतात."

मी सांगितलं.

"म्हणावं, वासावरनंच वळखलं मी, मेथांबा करणार हाय," सासूबाई म्हणाल्या. "दारात आल्यालं फळ कसं खायाचं, एवढं न कळाया मी काय अडाणी हाय व्हय?"

बाई माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या. मी ते शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं.