एकतिसावी ओळ

मंगळवार, जूनचा दुसरा आठवडा, सकाळी साडेदहा. स्थळ: बिबवेवाडीतलं आमचं ऑफिस, टाइल्सच्या दुकानावरचा पहिला मजला. हजर: मी, माझा भागीदार, आमचा सर्वांत जुना प्रोग्रॅमर आणि मुलाखतीला आलेल्या एक बाई. गैरहजर: त्याच दिवशी साडेनऊला रुजू होणार होता तो उमेदवार.

आधी गैरहजराबद्दल. त्याने नेमणूकपत्र सही करून परत पाठवलं होतं. लॅपटॉप कुठला मिळेल, हेही दोनदा विचारलं होतं. पावणेदहाला मी फोन केला.

"मॅम, ॲक्चुअली मी दुसरीकडे जॉइन झालो. काल."

"मग काल कळवायचं होतं."

"काल जॉइनिंग होतं ना मॅम."

मी यादीत त्याच्या नावावर फुली मारली. त्याच्या आधीच्याने फोनवरच्या मुलाखतीत फडाफड उत्तरं दिली होती, आणि प्रत्यक्ष आला तेव्हा आवाजच वेगळा. विचारलं तर म्हणाला, घसा बसलाय. त्याच्याही आधीच्याच्या वतीने त्याची आई पगाराची बोलणी करायला आली होती. तिलाच घेऊ, असं भागीदार म्हणाला होता, आणि त्यात थट्टा फार नव्हती.

आम्हाला माणूस हवा होता, तोही लगेच. आमचं सॉफ्टवेअर पॅथॉलॉजी लॅबसाठी आहे. रक्त द्यायला माणूस आला की खिडकीवर त्याला एक नंबर मिळतो. तोच नंबर त्याच्या रक्ताच्या नळीवर, तोच रिपोर्टवर. अशा सतरा लॅब आमच्यावर विसंबून होत्या. त्यांचं सगळं बघणारा आमचा जुना प्रोग्रॅमर दोन आठवड्यांनी हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीत चालला होता. तो गेल्यावर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाणार नाही, असं छातीठोकपणे सांगणारं ऑफिसात कुणी उरणार नव्हतं. मी याद्या करू शकते, सतरा डॉक्टरांशी गोड बोलू शकते. प्रोग्रॅम लिहू शकत नाही.

मुलाखतीची आमची एक ठरलेली पद्धत होती. आमच्याच चालू सॉफ्टवेअरमधला पानभराचा तुकडा छापून त्यात बाराव्या ओळीत एक चूक मुद्दाम घातलेली. त्या चुकीमुळे यादीतला शेवटचा पेशंट वगळला जायचा. उमेदवाराला वीस मिनिटं आणि एक लाल पेन द्यायचं. बारावी ओळ सापडली तर पुढे बोलायचं, नाहीतर चहा पाजून निरोप. भागीदाराने हे पान नऊ वर्षांपूर्वी तयार केलं, आणि नऊ वर्षं त्याच पानावर माणसं निवडली. तपासायचे मी. तपासायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नव्हतं, बाराव्या ओळीला खूण आहे की नाही एवढंच बघायचं होतं.

त्या बाई वारज्याहून आल्या होत्या. चाळिशीच्या जवळपास, खांद्यावर कापडी पिशवी. अर्जात सहा वर्षांचा खंड होता.

"सहा वर्षं काय केलंत?" भागीदाराने विचारलं.

"सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं केलं."

"म्हणजे प्रोग्रॅमिंग नाही."

"नाही. पण औषधाची एकही वेळ चुकली नाही."

भागीदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पान पुढे सरकवलं.

आठव्या मिनिटाला त्यांनी पेन खाली ठेवलं. मी कागद घेतला. बाराव्या ओळीला बारीक टिंब होतं, आणि एकतिसाव्या ओळीभोवती मोठं लाल वर्तुळ.

"बारावी बरोबर," भागीदार म्हणाला. "एकतिसावीला काही नाही."

"बारावी तुम्ही मुद्दाम घातली असणार," बाई म्हणाल्या. "इतकी ढोबळ चूक कुणी चालू ठेवत नाही. एकतिसावी खरी आहे."

"खरी म्हणजे?"

"हे कुठे वापरात आहे का?"

जुन्या प्रोग्रॅमरने कागद स्वतःकडे ओढला. मग बाईंनी माझ्याकडे वळून सांगितलं, बहुधा मला कळलं की सगळ्यांना कळेल म्हणून. "बघा, नवा पेशंट आला की प्रोग्रॅम शेवटचा नंबर बघतो, त्यात एक मिळवतो आणि मग लिहून ठेवतो. बघणं आणि लिहिणं यांच्यामध्ये दुसऱ्या खिडकीवरच्या बाईंनीही बटण दाबलं तर?"

"तर दोघांना एकच नंबर," मी म्हणाले.

"हो."

"असं नाही होत," भागीदार म्हणाला. "नऊ वर्षं चाललंय."

जुना प्रोग्रॅमर एव्हाना खुर्चीतून उठला होता. त्याने दोन कॉम्प्युटर शेजारी ओढले, दोन्हींवर नवा पेशंट उघडला आणि एकेका हाताने दोन्ही बटणं एकदम दाबली. वेगवेगळे नंबर आले. भागीदाराने श्वास सोडला. त्याने पुन्हा दाबली, पुन्हा वेगळे. पाचव्या खेपेला दोन्ही पडद्यांवर एकच नंबर आला.

दोन माणसं, दोन नळ्या, एक नंबर.

"सुरुवातीला सगळीकडे एकच खिडकी होती," जुना प्रोग्रॅमर म्हणाला. "दुसरी आपणच जोडून दिली, मॅडम. मीच दिली."

दोन खिडक्यांच्या सहा लॅब होत्या. मी यादी काढली आणि उभ्यानेच फोन लावायला सुरुवात केली. पहिला फोन सर्वांत मोठ्या लॅबच्या डॉक्टरांना.

"डॉक्टर, एक विचारायचं होतं. कधी एकच नंबर दोन पेशंटना आलाय का?"

"अहो, येतो की. महिन्यातून एक-दोनदा."

मी खुर्ची ओढून बसले. "मग काय करता?"

"काउंटरच्या ताई पेनाने पुढे अ आणि ब लिहितात. नळीवर आणि फॉर्मवर. आम्हाला वाटलं, तुमची सिस्टीमच तशी आहे."

"कळवलं का नाही?"

"कळवलं होतं. तुमच्या ऑफिसातून सांगितलं, बंद करून चालू करा."

सहापैकी चार लॅबमध्ये असंच काहीतरी चाललेलं होतं. कुठे अ-ब, कुठे हिरवी पट्टी, एके ठिकाणी दुसऱ्या पेशंटला चक्क "पाच मिनिटांनी या" म्हणायचे. पाचव्या लॅबमध्ये दोनदा गोंधळ झाला होता. रिपोर्ट वयाशी जुळेना म्हणून वेळीच लक्षात आलं आणि पेशंटना बोलावून पुन्हा सुई टोचली. सहावीत अजून काही घडलं नव्हतं. त्या आठवड्यात आम्ही सहाही लॅबच्या नोंदी एकेक करून तपासल्या. चुकीचा रिपोर्ट कुणाच्या हातात पडल्याचं आढळलं नाही. श्रेय आमचं नव्हतं, काउंटरवरच्या बायकांच्या पेनांचं होतं.

पण हे आठवड्याअखेरचं झालं. त्या दिवशी मी फोन करत होते तेव्हा बाई आणि जुना प्रोग्रॅमर एकाच पडद्यापुढे बसले होते. मुलाखत संपली की चालू आहे, हे कुणी विचारलं नाही. मध्ये बाईंनी घरी फोन करून, "तुम्ही वाढून घ्या, मला उशीर होईल," असं सांगितलेलं ऐकू आलं. चारच्या सुमाराला दुरुस्ती झाली. भागीदार इतका वेळ खिडकीपाशी उभा होता. त्याने येऊन विचारलं, "सोमवारपासून येता?"

"येईन," बाई म्हणाल्या. "पण एक सांगा, नऊ वर्षांत एकतिसावी कुणालाच दिसली नाही?"

"दिसली असती तर उमेदवार बोलले असते ना," भागीदार म्हणाला.

मी कपाट उघडलं. मी कागद टाकत नाही. मुलाखतीचा प्रत्येक पेपर वर्षाप्रमाणे लावलेला होता. जमिनीवर बसून मी एकेक फाइल उलगडली. एक तासाने माझ्यापुढे तीन कागद होते, तिन्हींवर एकतिसाव्या ओळीला खूण. तिन्ही खुणांशेजारी माझ्या अक्षरात लिहिलं होतं: "चुकीची ओळ. अर्धा गुण वजा."

अर्धा गुण वजा! हा नियमही माझाच, उमेदवारांनी उगाच सगळीकडे खुणा करू नयेत म्हणून केलेला. एकाने शेजारी "कृपया हेही पाहावे" असं लिहिलं होतं. भागीदार माझ्या खांद्यावरून वाचत होता. "तू तरी काय करणार," तो म्हणाला. "उत्तरसूची मी दिली होती." मला त्याने बरं वाटलं नाही.

त्या तिघांपैकी दोघांना मी त्याच आठवड्यात फोन केला. पहिल्याला कंपनीच आठवेना. दुसरी खूप हसली. "अहो मॅडम, मी तेव्हा घरी जाऊन रडले होते. मला वाटलं, मला काहीच येत नाही." मी माफी मागितली. ती म्हणाली, "आता सांगितलंत, बरं वाटलं," आणि तिची मीटिंग सुरू होत होती म्हणून फोन ठेवला.

तिसरा कागद मांजरी गावच्या एका माणसाचा. तो मला नीट आठवतो. तिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, घरची उसाची शेती सांभाळून कॉम्प्युटर शिकलेला. त्याला बारावी ओळ सापडलीच नव्हती. मी निकाल सांगितला, तर जागचा हलला नाही. "मॅडम, तिथं खाली गडबड हाय. एकदा सरांना दाखवा." मी म्हणाले, वेळ संपली. तो म्हणाला, "मी थांबतो." तो खाली टाइल्सच्या दुकानासमोर बराच वेळ उभा होता. सरांना मी दाखवलं नाही. त्याचं "हाय" ऐकूनच याला काही येत नसणार, असं मी ठरवून टाकलं होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

त्याचा नंबर अर्जावर आहे. नंबर अजून चालू आहे. एकदा लावला, त्याने "हॅलो" म्हटलं आणि मी ठेवून दिला. माझ्या रोजच्या यादीत तो फोन पहिल्या क्रमांकावर असतो. संध्याकाळी बाकीच्या कामांवर बरोबरच्या खुणा होतात आणि हे एक काम मी दुसऱ्या दिवसाच्या यादीत उतरवून घेते. आजच्याही यादीत आहे.