पोरीचा वाफा

आमच्या घरी भाजी पिकायची, पण चांगली भाजी आम्ही कधी खाल्ली नाही. बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव आणि पाटाच्या पाण्यावर आमचा मळा. सरळ, भरलेलं वांगं बाजाराच्या पाटीत जायचं आणि वाकडं-किडकं चुलीपाशी यायचं. गाजराला दोन पाय फुटले की ते आमचं. भाजीपाला करणाऱ्या घरांची ही रीतच होती, आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं, माझ्या भाचीची नजर अधू होईपर्यंत.

तीस-पस्तीस सालचा सुमार असेल. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं माझ्यावर सवत आणली, आणि मी दादाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या घरी येऊन राहिले होते. त्याची पोर चार वर्षांची. दिवेलागण झाली की ती दाराची चौकट धरून उभी राहायची आणि तिथून हलायची नाही. वहिनी म्हणायची, नखरे करते. एका संध्याकाळी ती तापलेल्या तव्यावर हात टेकणार तेवढ्यात मी तिला उचललं. दुसऱ्या दिवशी बारामतीच्या वैद्यांकडे नेलं. त्यांनी डोळे पाहिले, काय खाते ते विचारलं, आणि म्हणाले, "भाजीवाल्याचं घर ना तुमचं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पालेभाजी, गाजर, पिकली पपई रोज पोटात गेली पाहिजे. नाहीतर आज संध्याकाळी दिसत नाही, उद्या दिवसाही दिसायचं नाही."

आता पोर खायची तर काय, भाकरी आणि गूळ. एकदा तिच्या घासात वांग्यातली अळी आली होती. तेव्हापासून भाजी दिसली की ओठ घट्ट. वहिनी नाक दाबून भरवायची. पोर घास गालात धरून ठेवायची आणि गोठ्यामागं जाऊन थुंकून यायची. धाक झाला, बागुलबुवा झाला, शेवटी मी वहिनीला म्हटलं, "ऱ्हाऊ द्या वैनी, आता मी बघते."

दिवाळी झाल्यावर मी दादाकडून विहिरीजवळचा एक वाफा पोरीसाठी मागून घेतला आणि त्यात गाजर, कडेनं मेथी पेरली. दादा खुशीत होता. पोरीला कडेवर घेऊन म्हणाला, "ह्यो वाफा तुजा. भोगीला तूच गाजरं उपटायची, आन् तंवर कुनी हात लावायचा न्हाय. बापाचा शबुद हाय." भोगीच्या भाजीत गाजर लागतंच. पोरीला ते फार मोठं वाटलं.

मी 'खा' हा शब्दच सोडून दिला. वाफ्याच्या कडेला बसून मी आपली एकटीच मेथीचा कोवळा देठ चावत बसायची, तिला विचारायचीसुद्धा नाही. चार दिवसांनी ती म्हणाली, "मला?" मी म्हटलं, "तुला आवडायची न्हाय." झालं, देठ तिनं ओढूनच घेतला. तांब्यानं ती वाफ्याला पाणी घालायची, आणि गाजर केवढं झालं ते बघायला रोज एक उपटायची. उंदराच्या शेपटीएवढं गाजर परत मातीत खोचून ठेवायची. ते जगायचं नाही, मग आम्ही दोघी धुऊन खायचो. स्वतः खुडलेली भाजी ती स्वतःच चुलीपाशी नेऊन द्यायची आणि ताटात वाढली की खायची. मार्गशीर्षाच्या शेवटी एका संध्याकाळी ती चौकट सोडून अंगणात आली. "आत्या, करडू तितं बसलंय," म्हणाली. मी तिला पोटाशी धरून ढसाढसा रडले.

भोगीच्या तीन दिवस आधी मी शेजाऱ्याच्या गाडीतून माळवं घेऊन इंदापूरच्या बाजाराला गेले. पहाटे निघाले तेव्हा पोर झोपेत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी परतले, तर ती दारात बसलेली. मला बघून उठली नाही. वाफा निम्म्याहून जास्त उकरलेला होता. हिरवा पाला तसाच कडेला पडला होता.

पाटाचं पाणी सोडणाऱ्या माणसाला आपल्या पाण्याच्या पाळीआधी चांगल्या भाजीची पाटी द्यायची, अशी आमच्याकडची चाल. मळ्यात सगळ्यांत देखणी गाजरं पोरीच्या वाफ्यात होती, कारण खत-पाणी तिथं जास्त पडलं होतं. दादानं ती नेली. हे मला वहिनीनं हळूच सांगितलं. आणि पोर रडायला लागली तेव्हा तो तिला म्हणाला होता, "आत्यानं नेली बाजारात."

मी त्याला मळ्यात गाठलं. "माजं नाव का घेतलंस?"

"लेकरू हाय, इसरंल."

"मग जाऊन खरं सांग."

"पोरगी बापावर रुसली तर बरं दिसतं व्हय? तू आत्या. तुजं काय जातंय?"

माझं काय जातंय! भाऊ म्हणून ज्याच्या दारात मी उरलेलं आयुष्य काढणार होते, त्यानं मला पुढं ढकललं आणि वर हे विचारलं. इतका राग मला सवत आली तेव्हाही आला नव्हता.

दादानंच खरं सांगावं म्हणून मी थांबले. पोर विसरली नाही. माझ्या हातचं तर सोडाच, हिरवं-तांबडं काहीच ती तोंडाला लावेना. भोगी गेली, संक्रांत गेली. पंधरवड्यानं दिवेलागणीला ती पुन्हा चौकट धरून उभी राहिली. आता मात्र दादा घाबरला. पिंपळीहून कुणाच्या तरी मळ्यातली गाजरं घेऊन आला आणि पोरीला मांडीवर बसवलं. ती तोंड उघडेना. "ही बी आत्या नेनार," म्हणाली.

मी दादाकडे पाहिलं. आता तरी तो बोलेल असं मला वाटलं. तो गाजर धोतराला पुसत बसला. पोरीनं मला विचारलं, "तूच नेलीस न्हवं?"

मी नाही म्हटलं असतं, तर बाप खोटा ठरून त्याच्याही हातचं ती खाणार नव्हती, आणि नाक दाबणाऱ्या वहिनीच्या हातचा घास तर ती आधीपासूनच थुंकत होती. मग तिला कोण भरवणार होतं?

"व्हय," मी म्हटलं, "मीच नेली. पुन्यांदा हात लावनार न्हाय."

पोरीनं तोंड उघडलं. दादानं मान खाली घातली असती तरी मी त्याला तिथल्या तिथं माफ केलं असतं. पण तो पोरीला म्हणाला, "बघ, कबूल झाली का न्हाय?" आणि दुसरं गाजर मोडून तिला भरवायला लागला.