नसलेल्या बटणाची नोंद

८ जुलै, मंगळवार. त्या दिवशी मला एकच काम उरकायचं होतं - यादी साफ करणं.

सदरमधल्या आमच्या ऑफिसात एकट्या राहणाऱ्या वयस्कांसाठी औषधांची आठवण करून देणारं ॲप बनतं. त्यात कोणी गोळी घेतल्याचं सांगितलं, गजर बंद केला, की आमच्याकडे नोंद येते. तिला आम्ही इव्हेंट म्हणतो. प्रत्येक इव्हेंटचं नाव आणि तो नेमका कधी नोंदला जावा, हे आधी मी यादीत लिहायचं; मग प्रशिकनं कोड लिहायचा, अशी पद्धत. भुताखेतांचं मी वाचतसुद्धा नाही. हे लिहितेय ते आम्ही दोघांनी तपासूनही उलगडा झाला नाही म्हणून.

यादीत 'मदत मागितली' असा एक इव्हेंट होता. "वापरणाऱ्याने मदतीचं बटण दाबल्यावर" - व्याख्या माझीच, दोन वर्षांपूर्वीची. बटण मात्र कधी बनलंच नाही. आधी बाकीची कामं होऊ द्या, असं म्हणून मीच ते मागे ठेवलं होतं. आता अशा न बनलेल्या ओळी खोडायच्या होत्या. खोडण्याआधी नोंदी शून्य आहेत ना, एवढं पाहायचं.

एक नोंद होती. त्याच दिवशीची, सकाळी १०:४२ ची.

कोणी टेस्टिंग केलं असेल म्हणून प्रशिकला विचारलं. त्यानं सगळा कोड धुंडाळला.

"मॅडम, हे नाव कुठंच नाही. बटणच नाही, तर दाबून कोण राहिलं?" मग हसला. यादी आपली आपणच काम करून राहिली तर मले सुट्टी द्या, म्हणाला.

नोंदीमागचं नाव आम्ही सहसा उघडत नाही. मी उघडलं. कामठीच्या कमलबाई, वय चौऱ्याहत्तर, घरी एकट्या. तीनदा फोन लावला, नुसताच वाजला. तोवर एक वाजून गेला होता. प्रशिकचं हसणं थांबलं होतं. मग त्यांनी ॲपमध्ये दिलेला शेजारच्या वंदनाताईंचा नंबर लावला. आजी सकाळी तर अंगण झाडत होत्या, असं वंदनाताई म्हणाल्या, पण पाहायला निघाल्या. फोन चालूच. मागे विणकरांच्या मागांची खटखट एवढी, की मला त्यांचं बोलणं नीट ऐकू येईना... मग मागच्या दाराची कडी, आणि नंतर स्पष्ट -

"मॅडम, आजी न्हाणीत पडून आहे. शुद्धीत आहे."

मी विचारलं, त्यांचा मोबाइल कुठे आहे?

"तो तर इथं स्वयंपाकघरात, चार्जिंगले लावून आहे."

दवाखान्यात नेईपर्यंत वंदनाताई थांबल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी मी कामठीला दवाखान्यात गेले. कमलबाई सांगत होत्या, साडेदहाच्या सुमारास अंघोळीला गेल्या अन् पाय घसरला, खूप ओरडल्या, पण मागांच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार. फोनला हातही लागला नव्हता.

"पन तुले कोनं सांगतलं वं पोरी?"

आमच्याकडे नोंद आली, एवढंच मी म्हटलं.

रात्री प्रशिकनं सर्व्हर, ॲपच्या जुन्या आवृत्त्या, टेस्टिंगचे मोबाइल, सगळं पाहिलं. ते नाव माझ्या यादीशिवाय कुठेच नव्हतं. नोंद खरी, वेळ खरी, ती आली कुठून ते आजही आम्हाला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी ऑफिस उघडलं. हातातली बाकीची कामं बाजूला ठेवली, प्रशिकला शेजारी बसवलं आणि बटण बनवायला घेतलं.